सात कहाण्या तबकडीतून उतरविल्या त्याची बखर

“यमूला श्रावणात उपाशी ठेवू नका गं. कहाणी मधेच तोडू नका, आणि मी थांबते तिथं तुम्हीही थांबा,” ऐसी आज्ञा कैलासवासी थोरल्या द्वारकाबाईसाहेब यांनी शेवटल्या दुखण्यात केली, ती शिरी धरून, श्रीगजाननास दूर्वा आणि कुलस्वामिनीस ओटी मनोमन अर्पण करून, खोटे अक्षर लिहिले जाईल तर आजचा नेम वाया जावो ऐसे देवापुढे बोलून ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, श्रावण शुद्ध पक्ष. संवत्सरास ऐसे नाव का पडले हे पुढे वाचणारांस आपसूक कळेल. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहावे तर जावयाकडील मंडळी वाचितील, आणि येत्या दिवाळसणास कोणत्या तोंडे सामोरे जावे?

ऐसीयास, त्या राज्यात द्वारकाबाईसाहेब व यमुनाबाईसाहेब ऐशा दोघी सख्ख्या बहिणी. थोरल्या राज्य करीत, आणि धाकट्या कालव्यापलीकडील पेठेत आपल्या खोलीत एकट्या राहत, आणि त्यांची दृष्टी पुष्कळ वर्षांखाली गेली, परंतु मिजास गेली नाही. त्यांचा नेम ऐसा की श्रावणमासी त्या त्या वाराची देवाची कहाणी अक्काच्या तोंडून ऐकावी, हाती अक्षता असाव्या, आणि कहाणी पुरी जाहल्यावर अक्षता देवास वाहून मग पाण्याचा घोट घ्यावा, तोवर घेऊ नये. आणि दुसरा रिवाज हुंकाराचा. सांगणारीने एक बोल सांगून थांबावे, ऐकणारीने “हं” म्हणावे, मग सांगणारीने पुढे जावे. हुंकार दिला नाही तर कहाणी ऐकिली ऐसे होत नाही, ती नुसती कानावरून गेली, ऐसे उभयतां बहिणींचे मत, आणि त्यात कोणी वाद घातला तर त्यास प्रसादाचा शिरा कमी मिळे. मग थोरल्यांस दुखणे लागले तेव्हा त्यांनी पुढील काळ ओळखून, लग्नाचे शूटिंग करणाराचे दुकानी खासा स्वारी नेली, आणि सात वारांच्या सात कहाण्या आपल्या मुखे सांगितल्या, आणि त्याने त्या एका सीडीवर उतरवून वर बाईसाहेबांचा फोटो छापून दिला. प्रत्येक बोलानंतर बाईसाहेब थांबत. शूटिंगवाला म्हणाला, “आजी, मधेमधे गप्प का होता? जागा फुकट जातेय.” त्यास बाईसाहेब म्हणाल्या, “फुकट नाही रे जात. तिथं माझी बहीण बोलतेय.”

पुढे थोरल्या कैलासवासी जाहल्या, आणि राज्याचा कारभार सूनबाई मंदाकिनीबाई यांजकडे आला. या बाई नेमधर्माच्या, रोज पोथीचा अध्याय एक ओळ न गाळता वाचणाऱ्या, आणि आवाज ऐसा मंद की दूधवाला दोनदा विचारून माप घाली. यमुनाबाईसाहेब म्हणत, “मंदे, तुझा आवाज तुला तरी ऐकू येतो का गं?” परंतु सासूच्या उशाशी बसून, मावशी श्रावणात एक दिवसही उपाशी राहणार नाहीत ऐसे वचन याच मंद आवाजे दिले होते, आणि ते सासूस स्पष्ट ऐकू आले होते. मग प्रतिवर्षी श्रावणात यमुनाबाईसाहेब आपल्या घरच्या सीडी प्लेअरवर कहाणी लावीत, अक्का थांबली की “हं” म्हणत, अक्षता वाहत आणि जेवीत, आणि वचन सुखरूप चालले.

मग क्रोधी संवत्सरी, आषाढात, तो प्लेअर निवर्तला. दुरुस्तीवाल्याकडे नेला तो म्हणाला, “काकू, हा आता म्युझियममध्ये द्या.” ज्या यंत्रावर एका बाईचे अन्नपाणी चालते त्यास म्युझियममध्ये द्यावे! बरे, नवा मागावा तर दुकानदार ऐसे पाहू लागला की जणू पितळी पिकदाणी मागितली. इतक्यात मंदाकिनीबाईंची लेक, नवी नवरी केतकीबाई, आषाढाची म्हणून माहेरी आली होती, तीस नेण्यास जावईबापू निरंजनराव यांची स्वारी दाखल जाहली, आणि राज्यात आषाढ तळण्याचा घाट घातला, आणि कढईत कापण्यांचा घाणा पडला. जावईबापूंस वर्तमान कळताच ते बोलिले, “आई, एवढंच ना? फाइल करून मावशींच्या फोनमध्ये टाकतो. सीडीला आता कोण विचारतं? हा घाणा निघायच्या आत होतंय बघा.” कोपऱ्यात मंदाकिनीबाईंच्या यजमानांचा जुना कॉम्प्युटर विणलेल्या झाकणाखाली होता, त्यास सीडीचा खण होता, परंतु जावईबापूंनी त्याकडे पाहून “तो डबा नको” म्हटले, आणि आपला लॅपटॉप काढिला. त्या लॅपटॉपास सीडी घालावयास खाच नाही! चपटा, चकचकीत, अंगावर बोट ठेवू न देणारा, आणि खाच नाही. मग गाडीतून निराळा ड्राइव्ह आणविला आणि वायरीने जोडिला आणि सीडी आत घातली.

आता सीडीतील आवाज उचलून त्याच्या फाइली करणारे एक सॉफ्टवेअर असते, त्यास या बखरीत नक्कलनवीस म्हणो. नक्कलनवीसाने दरबारात येऊन पुष्कळ प्रश्न घातले. अमुक करावे काय, तमुक गाळावे काय, घाईने उतरवावे की सावधपणे. जावईबापूंनी एका हाती कापणी धरून दुसऱ्या हाताने “पुढे, पुढे, मान्य, पुढे” ऐसे केले, एकही प्रश्न वाचिला नाही. आणि खरोखर घाणा निघायच्या आत नक्कलनवीसाने हिरव्या अक्षरांत जाहीर केले की सर्व ट्रॅक यशस्वी. सात कहाण्या सांगावयास बाईसाहेबांस अख्खी दुपार लागली होती. मंदाकिनीबाई हळूच म्हणाल्या, “एकदा ऐकून बघायचं का?” जावईबापू म्हणाले, “हिरवं आलंय ना आई, मग झालं.” नव्या जावयाचा शब्द मोडावा ऐसा रिवाज त्या राज्यात नाही. मग जावईबापू केतकीबाईस घेऊन निघाले, आणि वाटेत फाइली यमुनाबाईसाहेबांचे फोनात घातल्या, आणि मावशींनी मूठभर खडीसाखर देऊन बोळवण केली.

मग दिव्यांची अवस आली. दुसरे दिवशी श्रावण लागणार, पहिलाच सोमवार. यमुनाबाईसाहेबांनी म्हटले, आदल्या दिवशी पाहून ठेवावे, आणि फोनात कहाणी लाविली. तो फोन अंधांसाठीचा, वाजविण्यापूर्वी फाइलीचे नाव मोठ्याने बोलून दाखविणारा. पाव घटकेत मंदाकिनीबाईंस फोन आला.

“मंदे, हे काय भरलंय यात? मी सोमवारची लावली, तर हा मेला म्हणतो, डीजे धमाल, नवरदेवाची एन्ट्री!”

“मावशी, नाव चुकलं असेल. आत कहाणीच असणार.”

“आत अक्काच आहे गं. पण अक्का पळत का सुटलीय? मी ‘हं’ म्हणायला तोंड उघडते, तोवर ही पुढच्या वाक्यात. जन्मात अशी बोलली नाही. पाठी कुत्रं लागलंय का तिच्या?”

“आणि बाकीच्या ऐकल्यात?”

“ऐकल्या की. शनिवारची तर विचारू नको. मारुतीच्या देवळात कुणी सुपाऱ्या फोडतंय. टर्र, टर्र, टर्र. हे बघ, मी आत्ताच सांगून ठेवते. ही कहाणी मी कहाणी धरत नाही. उद्या सोमवार. पाणीसुद्धा नाही घ्यायची.”

फोन ठेविला. मंदाकिनीबाईंनी देवापुढे हात जोडिले आणि मन शांत करून जावईबापूंस फोन लाविला, आणि अदबीने विचारिले की बापू, आईंच्या थांबण्याच्या जागा कुठे गेल्या? जावईबापू आनंदाने बोलिले, “अहो आई, त्या ब्लँक जागा होत्या. सॉफ्टवेअर आपोआप काढतं. फायदाच झाला, फाइल केवढी लहान झाली!” हे ऐकून मंदाकिनीबाईंच्या तळपायीची आग मस्तकी गेली, कान तापले, हातातील फोनदेखील ऊन लागू लागला. आणि त्या काय बोलिल्या? बोलिल्या, “हो का? बरं हो. जेवलात का?”

परंतु जे त्या बोलिल्या नाहीत ते येथे लिहिणे भाग आहे. ब्लँक म्हणजे काय? ज्या जागी एक बहीण थांबून दुसरीची वाट पाहते ती जागा ब्लँक? आणि आपोआप म्हणजे काय? देवघरातील निर्माल्य तरी कोणी आपोआप उचलतो काय, हात जोडून उचलावे लागते. शांतता गाळावी या प्रश्नापुढे होकाराची खूण आधीच करून ठेविली होती ऐसे मागाहून कळले. कोणी ठेविली? कोणाच्या घरी विचारून ठेविली? ज्याने ठेविली त्याच्या घरात कोणी कोणाचे ऐकून घेत नसतील, सगळे एकदम बोलत असतील, आणि त्यास वाटले असेल की जगात ऐसेच चालते. आणि जे खरोखर ऐकू आले नाही, जेथे तबकडी वाचिता आली नाही, तेथे नक्कलनवीसाने काय केले? कबूल केले नाही. अंदाजाने काहीबाही भरिले आणि हिरवे अक्षर दाखविले. व्रताच्या कहाणीत अंदाज! आम्ही एका ओळीवरून नजर घसरली तर अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचितो, आणि हा गृहस्थ सुपाऱ्या फोडून यशस्वी म्हणतो. लाज नाही.

मग मंदाकिनीबाईंनी पदर खोचिला. कोपऱ्यातील डब्यावरील झाकण काढिले, त्यास हळदकुंकू वाहिले, आणि तो कुंथत कुंथत सुरू जाहला, आणि केतकीबाई सासरहून फोनवर मदतीस उभी राहिली. केतकी म्हणाली, “आई, मी पाठवलेलं सॉफ्टवेअर उघड. आणि घाबरू नको, पोथीसारखं वाच. एक ओळ गाळायची नाही. तुझा जावई काही वाचत नाही, माझे मेसेजसुद्धा नाही.” मंदाकिनीबाई म्हणाल्या, “असं म्हणू नये गं.” परंतु बरे वाटले.

मग त्यांनी नक्कलनवीसाचा प्रत्येक प्रश्न ओठ हलवीत वाचिला. शांतता गाळावी? तेथील खूण काढिली, आणि ती नाहीशी होईतो बोट उचलिले नाही. उतारा घाईचा की सावध? सावध. सावध म्हणजे तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून, दोन वेळा एकच ऐकू आले तरच खरे धरावे. तबकडी फिरण्याचा वेग? सर्वांत मंद, बाईंस शोभेलसा. मग नक्कलनवीस नावांपाशी आला आणि पुन्हा नवरदेवाची एन्ट्री दाखवू लागला. केतकीने उलगडा केला की, “ते नावं नेटवरून आणतं आई. सीडीवर किती ट्रॅक आहेत आणि प्रत्येक किती लांबीचा, एवढंच बघतं. कुणाच्या हळदीच्या डीजेचे सात ट्रॅक नेमके आजीच्या कहाण्यांएवढे भरले.” म्हणजे माणूस अमुक उंचीचा आहे म्हणून तोच आपला मामा, ऐसे जाहले. तोंड पाहिले नाही, आवाज ऐकिला नाही! मंदाकिनीबाईंनी ती सर्व नावे पुसून “सोमवार, महादेवाची कहाणी” ऐसे मराठीत लिहिले, तर नक्कलनवीसाने त्याची प्रश्नचिन्हे करून ठेविली. आमच्या अक्षरांस प्रश्नचिन्ह, आणि डीजे बिनचूक! मग केतकीने आणखी एक खूण बदलावयास लाविली, तेव्हा नावे बसली.

आणि सीडी फिरू लागली, आणि खणातून घरघर येऊ लागली, आणि नक्कलनवीस पहिल्याच कहाणीत अडखळला. खण उघडून सीडी हाती घेतली, पालथी केली, तो काय पाहतात! चकाकणाऱ्या अंगावर पिवळे आणि तांबडे बोटांचे ठसे, आणि गोल गोल ओरखडे. याचे कारण राज्यात सर्वांस ठाऊक होते, परंतु कोणास उमगले नव्हते. दर श्रावणात शेजारणी यमुनाबाईसाहेबांकडे कहाणी ऐकावयास जमत, आणि कहाणी सांगणारीस हळदकुंकू वाहिल्याविना कोण उठणार? वरील अंगास बाईसाहेबांचा फोटो, त्यावर बोट ओढावे तर चेहरा पुसला जाईल, म्हणून त्या भाविक बायांनी सीडी पालथी करून पाठीस कुंकू लाविले. आणि मागाहून पदराने पुसिले, तेही प्रदक्षिणेच्या वळणे, उजवीकडून गोल गोल. आवाज सगळा त्या पाठीतच असतो हे त्यांस कोणी सांगितले? सीडीवर दुनियेचा मजकूर छापतात, कंपनीचे नाव छापतात, कुंकू कोणत्या अंगास लावावे हे छापत नाहीत. त्या बायांवर रागे भरण्याचा आमचा विचार नाही. त्यांनी मान दिला.

केतकी म्हणाली, “साबणाच्या पाण्यानं हळूच धू. आणि पुसताना मधून कडेला सरळ, गोल नाही.” मंदाकिनीबाईंनी सीडीस तान्ह्या लेकरासारखे कोमट पाण्याने न्हाणिले, मऊ पंचाने मधून कडेकडे टिपिले, आणि पुन्हा खणात घातले. मग नक्कलनवीस वाचू लागला. एकेक जागा पुन्हा वाची, पुन्हा वाची, तांबडी रेघ दाखवी, मग हिरवी. इकडे पाटावर दिवे मांडिले, कणकेचे दिवे उकडून जाहले, आणि दिवेलागणीस सहा कहाण्या उतरल्या. मंदाकिनीबाईंनी हिरव्या अक्षरांवर विश्वास न ठेविता सहाही कान लावून ऐकिल्या, आणि बाईसाहेब जेथे थांबल्या तेथे स्वतः “हं” म्हणून पाहिले. हुंकार बरोबर मावत होता. सातवी, शनिवारची मारुतीची, सीडीच्या कडेस होती. बोटे तेथे पडलेली, कुंकू तेथे, ओरखडे तेथे. नक्कलनवीस त्या जागी डोके आपटीत राहिला, आणि कहाणी अर्ध्यावर आली आणि पुढे काही नाही. आणि त्यावरही मेल्याने लिहिले काय, तर “पूर्ण, काही त्रुटींसह”. अर्धी कहाणी गेली त्यास त्रुटी म्हणतात! मंदाकिनीबाईंनी ती सातवी फाइल आपल्या हाताने पुसून टाकिली, आणि सहा मावशींच्या फोनावर रवाना केल्या.

मग सोमवार उजाडला. यमुनाबाईसाहेबांनी स्नान करून अक्षता घेतल्या, फोन बोलिला, “सोमवार, महादेवाची कहाणी,” आणि अक्का सांगू लागली आणि थांबली, आणि मावशींनी “हं” म्हटले. त्या जेवल्या. मंगळवारी जेवल्या, बुधवारी जेवल्या, गुरुवारी जेवल्या आणि वर केतकीसाठी डब्यात लाडू पाठवा म्हणून निरोप धाडिला. शुक्रवारी पान वाढून घेण्यापूर्वीच त्यांचा फोन आला.

“शुक्रवार झाला गं. अक्का किती छान थांबली. आता उद्याचं?”

“मावशी, उद्याची निघत नाही. सीडीच्या कडेला होती. कुंकवानं गेली.”

“कुंकवानं?”

मंदाकिनीबाईंनी सर्व सांगितले. यमुनाबाईसाहेब हसू लागल्या, मग खोकल्या. “माझ्या डोळ्यांदेखत म्हणावं तर डोळे नाहीत. अगं, लावलं ते लावलं, पाठीला कशाला?”

“चेहरा पुसला जाईल म्हणून.”

“हं,” यमुनाबाईसाहेब म्हणाल्या, आणि तो कहाणीचाच हुंकार वाटला. “म्हणजे उद्या उपास.”

“मावशी, मी सांगू का? मला येते. आईंशेजारी बसून इतकी वर्षं ऐकलीय.”

फोनावर कोणी बोलेना. इतकी शांतता पडली की नक्कलनवीस असता तर त्याने खचित कापली असती. मग यमुनाबाईसाहेब म्हणाल्या, “माझा नेम अक्काच्या तोंडचा आहे गं.”

“हो मावशी.”

“पण अक्काच्या पाटावर आता तूच बसतेस, नाही का?” आणि पुढे, “मोठ्यानं सांगशील?”

“सांगेन.”

“काय?”

“सांगेन म्हटलं!” मंदाकिनीबाई बोलिल्या, आणि तो आवाज ऐसा निघाला की खालच्या मजल्यावरील वहिनी खिडकीत आल्या आणि यजमानांनी वर्तमानपत्र खाली घेतले.

“अगं बाई. ओरडू नको, आंधळी आहे मी, बहिरी नाही,” मावशी म्हणाल्या. “आणि हुंकाराला जागा ठेव. त्या जावयासारखी पळालीस तर अक्षता टाकून उठेन.”

येणेप्रमाणे घडले ते लिहिले. तात्पर्य इतकेच की नक्कलनवीसावर आमचा राग कायम आहे, त्याच्या हिरव्या अक्षरांवर विश्वास नाही, जावईबापू सुखी असोत, आणि सीडीस कुंकू लावणे तर फोटोच्या कडेस लावावे. शनिवारी सकाळी मंदाकिनीबाईंनी पूजा आटोपिली, वाटीत अक्षता घेतल्या, त्या पदराखाली झाकिल्या, आणि कोणास न सांगता चपला पायात सरकविल्या. जिना उतरता उतरता त्या ओठांतल्या ओठांत कहाणी म्हणत होत्या, एक बोल म्हणून थांबत, मग पुढील बोल, आणि ऐशा थांबत थांबत कालव्याच्या पुलाकडे निघाल्या.